दाराकडे वळणारी मान

माझ्या कोपोला कुणी विचारलं की तू काय करतेस, तर ती म्हणते, "माना बसवते." बस, एवढंच. कोपो म्हणजे माझ्या आजोबांची बहीण. नाव लाय यिनहुआ, वय बहात्तर, उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज मात्र समोरच्या डोंगरावरून परत येईल असा. चीनमधल्या आमच्या तेहुआ गावात दर तिसऱ्या घरात चिनी मातीचं काम चालतं, पण पांढरे लोहान घ्यायचे असले की लोक आमच्याच शेडमध्ये येतात, आणि ते कोपोमुळे येतात हे बाबांनाही मान्य आहे. म्हणजे ती समोर नसताना मान्य आहे.

लोहान म्हणजे अर्हंत. ते अठराजण, ज्यांना बुद्धाने सांगितलं होतं की तुम्ही अजून जायचं नाही, तुम्ही इथेच थांबा. एकजण वाघाला कुरवाळत बसलेला, एकाच्या भुवया पार गुडघ्यापर्यंत, एकजण छाती उघडून आतला बुद्ध दाखवतोय, एकजण नुसता कान कोरतोय. कोपो त्यांच्याबद्दल गल्लीतल्या माणसांबद्दल बोलावं तशी बोलते. "हा कानवाला एक नंबरचा आळशी. ह्याची बोटं करायला मला दोन दिवस लागतात आणि हा बसलाय कान कोरत!" भुवयावाल्याला ती म्हातारा म्हणते, आणि स्वतः बहात्तर!

लग्न केलं नाही. का नाही केलं विचारलं की म्हणायची, "तिघं येऊन गेले. एकाची मान आखूड होती, आणि बाकीचे दोघं मान वर करून बघतच नव्हते." सगळे हसायचे आणि विषय संपायचा. मी पण हसायचे. तिच्याबद्दल मला किती कमी माहीत होतं हे मला ह्या हिवाळ्यात कळलं आणि अजून मला त्याचं कसंतरीच होतं.

तिचं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. लोहानाचं धड साच्यात होतं, ते आमचा कारागीर मोठा शू काढतो. हात वेगळे, डोकं वेगळं. डोकं कोपो हाताने करते, बांबूच्या पट्टीने, डोळ्यांच्या पापण्या तर तिच्या करंगळीच्या नखाने होतात. मग मान. मानेची माती ओली असते, लोण्यासारखी, तिच्यावर डोकं टेकवायचं आणि एका झटक्यात जिथे बघायला हवं तिथे बसवायचं. एकदाच. बसवल्यावर हलवायचं नाही. कारण ही आमची पांढरी माती विसरत नाही. समजा तुम्ही डोकं चुकून डावीकडे फिरवलं आणि लगेच सरळ केलं. दिसायला अगदी सरळ, सुकेपर्यंत सरळ, कुणाच्या बापाला कळणार नाही. पण भट्टीत तेराशे अंशांच्या आगीत माती पुन्हा मऊ झाली की ती मान हळूहळू परत डावीकडे वळते. जिथे ती क्षणभरच होती तिथे. हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. मी सात वर्षांची असताना कोपोने मला पहिल्यांदा मान बसवायला दिली आणि मी ती फिरवून सरळ केली, तर तिने ओल्या मातीचा गोळा माझ्या नाकावर मारला. "आगीसमोर खोटं बोलता येत नाही, आ-यी. तू काय केलंस ते सगळं बाहेर येतं."

तर जानेवारीत मी शियामेनच्या कॉलेजातून सुट्टीला घरी आले. बॅग टाकली आणि सरळ शेडमध्ये पळाले, कारण कोपो मला आल्या आल्या लेंडी म्हणते आणि ते ऐकल्याशिवाय मला घरी आल्यासारखं वाटत नाही. दाराला थंडीमुळे त्या जाड प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावला होता. तो सारून आत गेले आणि तिथेच थबकले.

समोरच्या फळीवर तीन लोहान उभे होते. एकाच साच्यातले, पांढरेशुभ्र, हातात कड्यांची काठी. आम्ही ह्याला दारवाला म्हणतो. गोष्ट अशी की तो भिक्षेला गेला की लोकांची दारं मुठीने ठोकायचा, एकदा एक कुजकं दार पडलंच, मग बुद्धाने त्याला कड्यांची काठी दिली, दार ठोकू नको, ही हलव. तर तो दारवाला समोर बघत असतो. नेहमी. पण ह्या तिघांची तोंडं डावीकडे वळलेली. पहिल्याचं जरासं, अंगठ्याएवढं. दुसऱ्याचं त्याहून जास्त. तिसऱ्याची हनुवटी पार खांद्यावर आलेली. आणि तिघंही माझ्याकडे बघत होते, म्हणजे दाराकडे. मी दारातच उभी होते ना.

"आली का लेंडी," कोपो म्हणाली. पण मान वर न करता, आणि आवाज बारीक.

"हे काय झालं?"

"विचार तुझ्या बापाला. त्याला सगळं माहीत असतं."

बाबांनी मला बाहेर नेऊन सांगितलं. डोंगरावरच्या मठाची अठराची ऑर्डर होती. सतरा झाले, उत्तम झाले, आणि हा एक दारवाला तीनदा बिघडला. नोव्हेंबरात एकदा, डिसेंबरात एकदा, आणि मागच्या आठवड्यात पुन्हा. "आ-कोचे हात गेले," बाबा म्हणाले. आ-को म्हणजे आत्या, बाबांची ती आत्या. "मान फिरवते आणि सरळ करते. तिलाच कळत नाही. आणि वर म्हणते मी फिरवली नाही. भांडते माझ्याशी!"

"कोपो खोटं नाही बोलत."

"मी कुठे म्हणालो खोटं बोलते? म्हातारी झाली म्हणतोय. हे बघ, मठवाले सव्वीसला न्यायला येणार. अजून एक वेळ देतो. ह्या वेळीही वळली मान तर तिने पॅकिंगला बसायचं, भुसा भरायला. चेहऱ्यांना मी दुसरं माणूस बघून ठेवलंय."

भुसा भरायला! कोपोला! मी तिथेच रडायला लागले, मला लगेच रडू येतं, आणि बाबांना ते अजिबात आवडत नाही, ते निघून गेले. पण तुम्हीच विचार करा. ह्या बाईला नवरा नाही, पोर नाही. आमच्याकडे लग्न न झालेल्या बाईची मेल्यावर घरच्या देव्हाऱ्यात नावाची पाटीसुद्धा लागत नाही, तिचं नाव कुठेच लिहिलं जात नाही. तिच्याकडे आहे काय, तर ते बाक, बांबूच्या सात पट्ट्या आणि माना. ते काढून घेतलं तर ती उरते कुठे?

बिघडलेले लोहान आम्ही फोडत नाही. ज्याने केला त्याने तर हातच लावायचा नाही, मठातून कुणी येऊन घेऊन जातं तोपर्यंत ते फळीवरच राहतात. मोठ्या शूला ते नजरेसमोर नको झाले होते. "दिवसभर तिघं दाराकडे बघतात हो, मला वाटतं वसुलीवाला आला," असं म्हणून त्याने एका दुपारी तिघांना भिंतीकडे तोंड करून ठेवलं. अरे देवा. त्याने ते आणखी वाईट झालं. कारण धड भिंतीकडे आणि तिसऱ्याची मान तर खांद्यावरून मागे, म्हणजे तो आता पाठमोरा उभा राहून हळूच वळून आमच्याकडे बघतोय असं दिसायला लागलं. शूने पाच मिनिटांत त्यांना पुन्हा सरळ केलं. "राहू दे बाबा, तू दाराकडेच बघ," म्हणाला आणि हात जोडले. कोपो हसली नाही.

मी ठरवलं की कोपोचा व्हिडिओ काढायचा. तिने मान फिरवलीच नाही हे बाबांना दाखवायचं आणि त्यांचं तोंड बंद करायचं. तिला सांगितलं नाही, ती मोबाईल बघितला की तोंड फिरवते. मातीच्या पिशव्यांमध्ये मोबाईल टेकवून ठेवला, त्यात तिचे हात, डोकं, तिच्या डावीकडचं दार असं सगळं येत होतं. दुपारचे अडीच झाले होते. कोपो मान नेहमी जेवणानंतर बसवते, हात गरम असतात म्हणून. मी समोर बसून काठीची कडी पुसत होते आणि मुद्दाम तिच्याकडे बघत नव्हते, म्हणजे तिला संशय येऊ नये.

झालं. डोकं बसलं. तिने श्वास सोडला, ओलं फडकं पांघरलं. मी सुद्धा एकदा नजर टाकली, एकदम सरळ, नाकाची रेघ छातीच्या मधोमध.

"बघ," ती म्हणाली. "बघितलंस ना? फिरवली का मी?"

"नाही कोपो."

"मग सांग तुझ्या बापाला."

मी मोबाईल घेऊन मागच्या अंगणात गेले, साच्यांच्या ढिगावर बसले आणि व्हिडिओ लावला. 

व्हिडिओत कोपो डोकं मानेवर टेकवते. सरळ. मग थांबते. अशी थांबते जशी आपण कुणी हाक मारली तर थांबतो. मग अगदी हळू, ओठ न हलवता म्हटल्यासारखं, ती म्हणते, "आले." आणि तिची स्वतःची मान डावीकडे, दाराकडे वळते, आणि तिच्या हातातली लोहानाची मानही तिच्याबरोबर वळते. दोघांची एकदम. क्षणभर दोघंही दाराकडे बघतात. मग ती पुढे बघते, लोहान पुढे बघतो, आणि ती श्वास सोडते. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. तिला माहीतच नाही!

मी समोर बसले होते. दोन हातांवर. मला ते "आले" ऐकू आलं नव्हतं.

मी ते परत लावलं, आवाज मोठा करून. पंख्याचा आवाज, शूचा रेडिओ. हाक कुणाचीच नाही. चौथ्यांदा बघताना मी तिच्याकडे न बघता दाराकडे बघितलं. ती "आले" म्हणायच्या जरा आधी दारावरच्या पट्ट्या हलतात. वारा असला तर पट्ट्या आख्ख्या हलतात, खाली जास्त, वरही थोड्या. ह्या फक्त खालच्या बाजूला हलल्या. माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, दोनच पट्ट्या, जरा आत ढकलल्यासारख्या. मग परत जागेवर.

मी काय करायला हवं होतं? व्हिडिओ पुसून टाकायला हवा होता का? बाबांना दाखवला असता तर कोपो दुसऱ्या दिवशी भुशात. नाही दाखवला तर लोहान भट्टीतून मान वळवून येणार आणि ती तरीही भुशात. मी विचारच केला नाही. मी उठले आणि मोबाईल नेऊन सरळ कोपोच्या हातात दिला.

तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला. पूर्ण बघितला. "परत लाव." परत बघितला. "परत." तिसऱ्या वेळी तिने बोटाने पडद्यावरच्या दाराला हात लावला, व्हिडिओ थांबला, आणि ती त्या दोन पट्ट्यांकडे बघत राहिली.

"शू, जा चहा पिऊन ये," ती म्हणाली.

"आत्ताच प्यालो की."

"मग परत पी!"

शू गेला. कोपो बाकावरच्या मातीच्या कणांना उगाच बोटाने गोळा करत होती.

"आ-लुई," ती म्हणाली. "माझी धाकटी बहीण."

मला माहीत होतं की आजोबा आणि कोपो अशी दोनच भावंडं. आ-लुई हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. कसं ऐकणार? नऊ वर्षांची गेली. पाटी नाही, फोटो नाही, कबरीच्या सणाला तिच्या नावाची उदबत्ती नाही.

"मी चोवीस वर्षांची," कोपो सांगत होती. "गावातल्या जुन्या कारखान्यात. तेव्हा लोहान कुठले, देवांवर बंदी, आम्ही शेतकरी पोरी करायचो, गव्हाची पेंढी घेतलेल्या, हसणाऱ्या. दिवसाला ठरलेल्या माना. असाच हिवाळा होता. आ-लुई माझा डबा घेऊन यायची. दारात उभी राहून ताईला हाक मारायची, आ-ची! आत यायला परवानगी नव्हती ना तिला. त्या दिवशी तिने हाक मारली तेव्हा माझ्या हातात मान होती."

"मग?"

"मग काय. मान हातात असताना वळायचं नाही. मी म्हटलं, आले. पण बघितलं नाही तिच्याकडे. तिने परत हाक मारली. मी म्हटलं, आले गं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, आ-ची, मला थंडी वाजते. मी म्हटलं, अगं आले, थांब." कोपोने नाक पुसलं. "मान बसवली. एकदम सरळ. वळून बघितलं तर उंबऱ्यावर डबा."

डोंगराच्या उतारावर कारखान्याची लांबलचक जुनी भट्टी होती, त्या दिवशीच माल काढलेली, आतून अजून उबदार. आ-लुई तिच्यात ऊब घ्यायला जाऊन बसली. वरची कमान खचलेली होती, दुरुस्त करायची होती, मोठ्यांना माहीत होतं. नऊ वर्षांच्या पोरीला कोण सांगणार.

"चार वाजता सापडली," कोपो म्हणाली. "डबा मी खाल्ला होता, आ-यी. मला वाटलं घरी गेली. मी बसून सगळा डबा खाल्ला."

मी तिला मिठी मारायला गेले तर तिने मला कोपराने ढकललं. "रडू नको, मातीत पाणी पडेल."

मला एकच विचारायचं होतं आणि विचारायची भीती वाटत होती. "कोपो, इतकी वर्षं नाही आणि आत्ताच का?"

तिने आजूबाजूला बघितलं. ऑक्टोबरात बाबांनी सुकवायच्या नव्या फळ्या आणल्या होत्या आणि तिचं बाक खिडकीखालून उचलून ह्या बाजूला, दार डावीकडे येईल असं टाकलं होतं. "तिथेही डावीकडेच दार होतं," ती हळू म्हणाली. "कारखान्यात. इतकीच लांब." मग जरा वेळाने, "मला ऐकू येत नाही गं तिची हाक. तुला वाटत असेल म्हातारीला आवाज ऐकू येतात. मला काहीच ऐकू येत नाही. माझ्या हातांना येते वाटतं."

मी म्हटलं बाबांना सांगू, बाक परत खिडकीखाली नेऊ, प्रश्न मिटला. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी तिला भुसा भरायला सांगितलंय.

"म्हणजे ती येणार आणि मी पाठ करून बसू? परत?"

आणि मग तिने पांघरलेलं फडकं काढलं आणि त्या चौथ्या लोहानाचं डोकं मानेवरून उचकटून काढलं. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. "हा गेला," ती म्हणाली. "ह्याच्या मानेत ते बसलंय. उद्या नवी मान."

दुसऱ्या दिवशी अडीचला मी तिच्या शेजारी बसले. ह्या वेळी मोबाईल नाही, आणि कडी पुसायचं नाटक नाही. कोपोने ताजी मान केली, डोकं टेकवलं. सरळ. आणि हात तसेच ठेवून थांबली. शूचा रेडिओ बंद. मी दाराकडे पाठ करून होते आणि वळायची माझी छाती होईना, खरं सांगते. पाठीला गार लागलं, एकच झुळूक, खालून, पोटऱ्यांना.

"आले," कोपो म्हणाली. ह्या वेळी मोठ्याने, तिच्या त्या डोंगरावरून परत येणाऱ्या आवाजात. ती वळली, लोहान वळला. आणि तिने तो परत सरळ केला नाही. हात काढून घेतले. बाकावर बसून दाराकडे बघत राहिली, लोहानही बघत राहिला, दोघंही, किती वेळ कोण जाणे. मी तिचा चेहरा बघितला आणि मला दाराकडे बघायची गरजच वाटली नाही.

संध्याकाळी बाबा आले आणि त्यांनी तो बघितला.

"आ-को! अगं आता तर कच्चाच वाकडा! आधी निदान भट्टीत तरी वळत होता!"

"घाल भट्टीत."

"भट्टीतून निघेपर्यंत सव्वीसला तीनच दिवस उरतील. मी मठवाल्यांना काय सांगू, ह्याची मान अवघडली?"

"आ-फू, तू चार वर्षांचा होईपर्यंत तुझं नाक मी पुसलंय. घाल म्हटलं ना."

"आणि बिघडला तर?"

"तर भुसा दाखव कुठे आहे तो."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घाला ना बाबा," आणि लगेच रडायला लागले, आणि मला वाटतं त्यामुळेच ते हो म्हणाले. माती सुकायला लागली ते दिवस कोपो रोज फळीपाशी जाऊन त्याला बघून यायची, हात न लावता. भट्टीच्या देवाला तीन उदबत्त्या लावून बाबांनी दार बंद केलं तेव्हा ती तिथे थांबलीसुद्धा नाही. घरी जाऊन रताळी उकडत बसली.

दार उघडलं ते सकाळी, अजून वाफ होती. बाबांनी जाड हातमोजे घालून एकेक माल काढला, कप, बशा, मग त्याला. पाटावर ठेवला. शूने मान वाकडी करून बघितलं, मग सरळ करून बघितलं, मग दुसऱ्या बाजूने जाऊन बघितलं.

तो समोर बघत होता.

मातीने वळवण्याच्या आधीचं आठवलं होतं. आधी सरळ, मग दाराकडे. आगीत मऊ झाली तशी ती मान दारापासून निघून हळूहळू परत पुढे आली होती. कोपोला हे ठाऊक होतं का? असणारच, पंचावन्न वर्षं माना बसवतेय. पण तिने काही सांगितलं नाही. पूर्ण सरळ नाही हं, एक केसभर डावीकडे राहिली होती, आणि ओठ, जे तिने मिटवून केले होते, तिथे झिलईची रेघ अशी काही आली होती की तो आत्ताच कुणाला काही बोललाय असं वाटत होतं. मी त्याच्याकडे फार वेळ बघू शकले नाही.

मठाचे थोरले भिक्खू सव्वीसला आले. अठराही बघितले, दारवाल्यापाशी थांबले. बाबा उगाच एक कप पुसत राहिले. भिक्खू म्हणाले, "हा ऐकतोय." आणि पुढे गेले. जाताना फळीवरचे ते तिघंही घेऊन गेले, एका टोपलीत, गवतात बसवून. टोपली दारातून बाहेर निघाली तेव्हा शूने मोठा श्वास सोडला.

बाबा कोपोपाशी गेले. "आ-को, ते चेहऱ्यांना माणूस बघितलं होतं ना, त्याला नाही सांगतो."

"माझ्यासाठी नको हो," कोपो म्हणाली. "भुसा फार छान भरता आला असता मला." आणि बांबूच्या पट्ट्या धुवायला उठली.

मी आता परत शियामेनला आहे, परीक्षा आहेत, मन लागत नाही. बाबांना फोन केला की मी आधी तिचंच विचारते. ते म्हणतात चांगली आहे, काम चालू आहे, मान बसवायला आता पाच मिनिटं जास्त लावते. बसवते, मग वळवते, मग तशीच ठेवून दाराकडे बघत बसते. कधी काहीतरी बोलतेही, थंडी वाजते का, असं काहीसं. एकही मान भट्टीतून वाकडी आलेली नाही. "तुम्ही तिला विचारलंत का?" मी म्हटलं. बाबा म्हणाले, "काय विचारायचंय? माल सरळ येतोय." बाबा असले कुठलेच प्रकार मानत नाहीत. उदबत्तीसुद्धा सवयीने लावतात.

काल शूशी बोलले. तो म्हणाला, गेल्या आठवड्यात फार थंडी पडली, तर तुझ्या बापाने हीटर आणला. मी म्हटलं बरं झालं, कोपोच्या पायांना बरं. तो म्हणाला, कोपोसाठी नाही. आल्या आल्या दारापाशी नेऊन लावला, पट्ट्यांच्या आतल्या बाजूला, खाली जमिनीवर. तिथे कुणीच बसत नाही. कोपोने एकदा बघितलं, तुझ्या बापानेही बघितलं. दुपारी दोनला चालू करतो आणि चारला बंद करतो, रोज.